रेल्वे-इतिहासप्रेमींच्या मेळाव्याला जाताय?

परभणी-नांदेडकडे असा मेळावा असेल तर आधी गेजचा, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचा घोळ मिटवून जा. मनमाड-सिकंदराबाद ही निजामाच्या काळातली लाईन तेव्हा मीटरगेज होती, म्हणजे रुळांतलं अंतर 1000 मिमी. 1911 मध्ये लातूरला पोचलेली बार्शी लाईट रेल्वे नॅरोगेज होती, 762 मिमी. दोन्हींना सरसकट ‘छोटी लाईन’ म्हटलंत की पुढचा अर्धा तास तुम्हाला फक्त ऐकून घ्यावं लागेल!

खरा खजिना म्हणजे निवृत्त ड्रायव्हर, गार्ड, गँगमन (रुळांची देखभाल करणारे). त्यांना ‘पूर्वी कसं होतं हो?’ असं विचारू नका. ‘छान होतं’ एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा ‘काका, पूर्णा स्टेशनच्या इंजिन शेडमध्ये रात्रपाळीला कोळसा कोण भरायचं? पावसाळ्यात चढावर इंजिनाची चाकं घसरायला लागली तर काय करायचे?’ असं नेमकं विचारा. मोबाईलवर रेकॉर्ड करण्याआधी मात्र परवानगी घ्या. नावं, स्टेशनं, साल लगेच वहीत टिपा, कारण रेकॉर्डिंगमध्ये आडनावं हमखास नीट ऐकू येत नाहीत.

घरात जुनी पुठ्ठ्याची तिकिटं, वेळापत्रकं, फोटो असतील तर जरूर न्या, पण लॅमिनेशन करू नका आणि डिंकानं चिकटवू नका. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनं ठिकाण आणि साल हलक्या हातानं लिहा. मूळ प्रत कुणालाही ‘स्कॅन करून देतो’ म्हटल्यावर देऊ नये; तिथेच फोटो काढू द्यावा.

स्टेशन बघायला जायचं ठरलं तर प्लॅटफॉर्म तिकीट काढा. ते दोनच तास चालतं.