इंजिन ओरडतंय, बोट मात्र रांगतेय? आउटबोर्डच्या पंख्याच्या हबबाबत या चुका टाळा

आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे टांगलेलं इंजिन, खाडीतून बाहेर पडेपर्यंत ठीक चालतं. पुढे थ्रॉटल वाढवला की इंजिनाचा आवाज चढतो, आरपीएमचा काटा वर पळतो आणि बोट आहे त्याच चालीने रांगत राहते. मुंबईत वेसावे असो, मढ असो की ससून डॉक, हे ऐकून पहिलं उत्तर मिळतं ते "गिअर गेला". लगेच गिअरकेस, म्हणजे पाण्याखालची गिअरची पेटी, उघडली जाते, हंगामाचे दिवस वाया जातात आणि कित्येकदा दोष निघतो तो पंख्याच्या पोटात, म्हणजे हबमध्ये.

हबची रचना समजली की अर्धे गैरसमज गळून पडतात. पंखा फिरवणाऱ्या दांड्यावर, म्हणजे शाफ्टवर बसते ती पितळी स्लीव्ह, तिला आतून स्प्लाइनचे दात. तिच्याभोवती जाड रबरी बुश आणि तो बुश पंख्याच्या मधल्या नळीत प्रेसने दाबून बसवलेला. बोल्ट नाही, वेल्डिंग नाही, निव्वळ दाबाची पकड. गिअर टाकताना बसणारा झटका हे रबर पिऊन टाकतं आणि पातं खडकाला किंवा ओंडक्याला आपटलं तर घसरून गिअरवरचा मार कमी करतं. आता सुट्या हबचे पंखेही मिळतात. मर्क्युरी कंपनीच्या फ्लो-टॉर्कमध्ये रबराच्या जागी चौकोनी प्लास्टिक स्लीव्ह असते, सोलासच्या रुबेक्समध्ये रबरी बुशच, पण प्रेसशिवाय बदलता येणारा.

म्हणजे हा सांधा मुद्दाम कच्चा ठेवलेला आहे. सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे तो पक्का करायला जाणं. हब घसरतोय म्हणून आरपार ड्रिल मारून बोल्ट टाकलेले किंवा स्लीव्हच पंख्याला वेल्ड केलेले पंखे आजही दिसतात. छोट्या इंजिनांत, साधारण २ ते ५ हॉर्सपॉवरच्या अनेक मॉडेलांत, गिअर वाचवण्याचं काम शिअर पिन करते, म्हणजे मार बसला की मुद्दाम तुटणारी पिन. ती तुटली की तिच्या जागी लोखंडी खिळा कापून ठोकतात. फ्यूज उडतो म्हणून तिथे जाड तार बांधण्यातला हा प्रकार. पुढच्या वेळी ओहोटीला पातं खडकाला लागलं की खिळा शाबूत राहतो आणि शाफ्ट वाकतो. पिन त्या मॉडेलची, त्याच धातूची आणि त्याच जाडीची हवी. दोन-तीन जास्तीच्या बोटीवर ठेवा.

दुसरी चूक याच्या उलटी : आरपीएम चढला की हबलाच दोष देणं. पंख्यात हवा शिरली तरी इंजिन असंच ओरडतं. फरक कधी होतं त्यावरून कळतो. वळण घेताना, मागून लाट उचलते तेव्हा किंवा इंजिन जास्त ट्रिम केल्यावरच, म्हणजे वर कलवल्यावरच होत असेल तर हवेचा संशय घ्या. सरळ रेषेत, सपाट पाण्यावर, भार आला की दर वेळी होत असेल आणि हळू चालवताना मात्र बोट नीट जात असेल, तर हब. आपल्याकडे तिसरा संशयितही असतो : प्लास्टिकची पिशवी. पावसानंतर माहीमच्या किंवा मालाडच्या खाडीच्या तोंडाशी गिअरकेसला पिशवी गुंडाळली गेली तर पंख्याला स्वच्छ पाणी मिळत नाही. न्यूट्रलला या, इंजिन बंद करा, टिल्ट करून, म्हणजे पाण्याबाहेर उचलून बघा. यासाठी मेकॅनिक लागत नाही.

पंख्याच्या नळीतून धूर बाहेर सोडणाऱ्या इंजिनांत नळीची मागची पसरट कडाही तपासा. ती तुटली असेल तर धूर उलटा पात्यांकडे ओढला जातो आणि लक्षणं हबसारखीच दिसतात.

रबरी हबची खात्री करायची रीत अगदी स्वस्त आहे. पंखा काढा, पितळी स्लीव्हपासून रबरावरून थेट नळीपर्यंत नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा. वाळू द्या, पंखा चढवा, भार देऊन एक फेरी मारा, पुन्हा उघडून बघा. रेघ सलग असेल तर हब निर्दोष, उगाच बदलू नका. आतला तुकडा पुढे सरकला असेल तर निकाल लागला. प्लास्टिक स्लीव्हच्या हबला रेघेची गरज नाही. स्लीव्ह बाहेर काढली की कोपरे झिजलेले किंवा कातरलेले डोळ्यांनी दिसतात.

रबर काढण्यासाठी पंखा गॅसवर धरून जाळणारे आहेत. करू नका. धूर विषारी असतो आणि ताव जास्त झाला की ॲल्युमिनियम नरम पडतं. बुश प्रेसवरच काढावा आणि प्रेसवरच बसवावा.

पंखा काढण्याआधी किल्ली आणि किल-स्विचची क्लिप काढा, गिअर न्यूट्रलला ठेवा, स्पार्क प्लगच्या वायरी सोडा. हाताने पातं धरून नट सोडवू नका. पातं आणि वरची आडवी प्लेट यांच्यात लाकडाचा ठोकळा अडकवा.

बसवताना सगळ्यात जास्त विसरला जातो तो पुढचा थ्रस्ट वॉशर. बोटीला पुढे ढकलणारा सगळा जोर त्याच्यावरून शाफ्टवर जातो. पंखा काढताना तो गिअरकेसला चिकटून राहतो किंवा चिखलात पडतो आणि त्याच्याशिवायच पंखा चढवला जातो. मग पंखा पुढे सरकून गिअरकेसला घासतो. त्याची उताराची बाजू शाफ्टच्या उतारावरच बसली पाहिजे.

तो वॉशर हातात आहे तोवर त्याच्या मागे शाफ्टभोवती बघा. जाळ्याचा नायलॉन दोरा तिथे गुंडाळून बसतो, उष्णतेने वितळतो आणि ऑइल सील कापतो. गिअर ऑइल दुधासारखं दिसलं तर पाणी आत गेलंय. हे काम हब बदलण्यापेक्षा मोठं आहे.

शाफ्टला मरीन ग्रीस लावा, नट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढे आवळून जुळवा, सैल करून नव्हे. स्प्लिट पिन दर वेळी नवी घाला. खाऱ्या पाण्यात दोन महिन्यांतून एकदा तरी पंखा उतरवा, नाहीतर स्लीव्ह शाफ्टवर अशी जाम होते की ती काढताना हबच फुटतो. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत बोट शाकारलेली असते. तेव्हा पंखा काढूनच ठेवलेला बरा.

मुंबईच्या दारूखान्यातल्या भंगार बाजारात जुना पंखा स्वस्तात मिळतो खरा, पण व्यास आणि पिच (एका फेऱ्यात पंखा जेवढं पुढे सरकेल ते अंतर) जुळले म्हणजे तो बसेल असं नाही. स्प्लाइनच्या दातांची संख्या वेगळी असते, नळीचा घेरही. जुना पंखा सोबत घेऊन जा आणि घेण्याआधी नव्याच्या रबराला भेगा आहेत का ते टॉर्च मारून बघा.

पाण्यातच हब सुटला तर थ्रॉटल वाढवत बसू नका. घासल्याने रबर तापतं आणि उरलीसुरली पकडही जाते. घसरणारा हब बहुतेक वेळा मंद आरपीएमवर घरापर्यंत आणतो. तुटलेली शिअर पिन मात्र अजिबात आणत नाही. पिन किंवा पंखा समुद्रातच बदलायचा झाला तर आधी नांगर टाका, नाहीतर नट हातात असताना ओहोटी बोट खडकांकडे नेईल. आणि तो नट हातातून निसटू शकतो, म्हणून बोटीवरच्या डब्यात जास्तीचा नट, थ्रस्ट वॉशर, स्प्लिट पिना, पक्कड आणि बरोब्बर मापाचा पाना असू द्या.