स्पीकिंगची लेव्हल देताना या चुका टाळा

सैनिकांना भाषा किती येते हे मोजायची नाटोची फूटपट्टी एकच आहे, स्टॅनॅग ६००१, ० ते ५. पण परीक्षा प्रत्येक देश आपापली घेतो. त्यामुळे एकाकडचा २ दुसरीकडे दीडच भरू शकतो, आणि ते उघडं पडतं संयुक्त मुख्यालयात, ऐन कामाच्या वेळी.

मला सगळ्यात जास्त वैताग येतो तो पाठांतराला भुलणाऱ्यांचा. मीही भुललोय. नवा परीक्षक होतो, तेव्हा एक कॅप्टन आपल्या मोहिमेबद्दल चार मिनिटं अस्खलित बोलला. ब्रिटिश उच्चार, ‘नेव्हरदलेस’ जागच्या जागी. आम्ही दोघांनी मान डोलावली आणि ३ देऊन मोकळे झालो. फेरतपासणीत तिसऱ्याने रेकॉर्डिंग ऐकून एवढंच विचारलं, “याला बोलताना मध्येच तोडलंत कुठे तुम्ही?” तोडलंच नव्हतं. पुन्हा बोलावून विचारलं, त्या दिवशी ताफा अडला नसता तर काय झालं असतं? कॅप्टन थबकला, ‘इफ वी विल गो’ म्हणाला आणि परत त्याच गोष्टीवर घसरला. घडलेलं सांगणं, वर्णन करणं हे २चं काम. ते त्याला चोख येत होतं. जर-तरचा विचार मांडणं, मताची बाजू लढवणं हे ३चं. तिथे तो गळाला.

तेव्हापासून मी तिसऱ्या-चौथ्या वाक्यालाच तोडतो. खालची पातळी टिकते कुठे आणि वरची मोडते कुठे, दोन्ही दिसल्याशिवाय उठत नाही. नवशिक्यांना हे क्रूर वाटतं. ‘बिचारा घाबरला’ म्हणत लगेच सोपा प्रश्न टाकतात. अहो, सोपं विचारूनच निरोप द्यायचा असतो, पण मोडून झाल्यावर!

दुसरं, तुलना. सकाळी चार कच्चे आले की पाचवा वाघ वाटतो. पातळ्यांचं वर्णन दर उमेदवाराआधी वाचा. ‘मला पाठ आहे’ म्हणणाऱ्यांचेच आकडे आधी सैल होतात.

सरासरी काढू नका. आशय, काम आणि अचूकता तिन्ही टिकली तरच ती पातळी.

उच्चार कळतोय ना? मग पुढे चला. माझा स्वतःचा ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ अजून एकच आहे.

कर्नलला ‘एक प्लस’, म्हणजे १ च्या वर पण २ च्या खाली, देताना हात थरथरतो. द्या.

आणि जोडीदार परीक्षकाशी बोलण्याआधी आपला आकडा लिहून ठेवा. पेनने. पेन्सिलीने लिहिलेला आकडा वरिष्ठ खाकरले की बदलतो.