अपरिचित आडनावाचे मूळ कसे शोधावे

विरळ आडनावाचा शोध घेताना पहिला मोह होतो तो नुसत्या ध्वनीवरून कूळ ठरवण्याचा, आणि बहुतेक चुका तिथेच होतात. ‘पारसनीस’ ऐकून पारशी समाजाशी नाते जोडावेसे वाटते. वास्तविक दरबारातील फारसी पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या ‘फारसी-नवीस’ या हुद्द्यावरून ते आले आहे. चिटणीस, फडणीस, पोतनीस ही आडनावेही अशीच पदांवरून आलेली असून त्यांतून पूर्वजांची चाकरी कळते, जात वा वंश कळत नाही.

‘कर’ने संपणारी आडनावे गाव सांगतात, परंतु त्या गावातील कोणत्याही समाजाचा माणूस ते नाव घेऊ शकत असे. शनिवारी घाणा बंद ठेवत असल्यामुळे ‘शनवार तेली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या कोकणातील बेने इस्राएल समाजात पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी आडनावे आहेत, आणि दिवेकर तर हिंदू घरांतही आहेत. एकाच नावाची अनेक गावे असतात, म्हणून तालुका निश्चित होईपर्यंत पुढे जाऊ नये.

सुरुवात घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीपासून करावी. कुलदैवत कोणते, देवक वा गोत्र काय, लग्नकार्यात कोणता कुलाचार पाळला जातो, तीर्थक्षेत्री कोणत्या उपाध्यायांकडे उतरत असत, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. माझ्या मते या सर्वांत कुलदैवताचा धागा सर्वांत बळकट असतो, मात्र तोही पारखून घ्यावा लागतो. पोर्तुगीज काळात गोव्यातील अनेक देवता सुरक्षित स्थळी हलवल्या गेल्या. मंगेशाचे मूळ स्थान कुठ्ठाळी असून १५६० मध्ये देव प्रियोळला आणला गेला. त्यामुळे ज्यांचे कुलदैवत मंगेश आहे, त्यांनी आजच्या देवळाभोवतीच पूर्वजांचे गाव शोधल्यास दिशा चुकते.

त्यानंतर कागदपत्रे घ्यावीत, आणि ती आजपासून मागे, एकेक पिढी जोडत वाचावीत: शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा, फेरफार, आणि तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातील जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी, ज्यांना कोतवाल बुक म्हणतात. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात, तेव्हा मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्याव्यात आणि मूळ पानाचे छायाचित्र जपून ठेवावे. अनेक नोंदींत आडनाव नसतेच. ‘अमुक बिन तमुक’ (म्हणजे तमुकचा मुलगा अमुक) एवढेच असते, म्हणून आडनाव सापडले नाही यावरून कुटुंब तिथले नव्हते असे मानू नये. घराण्याकडे वतन वा इनाम असल्यास पुणे पुरालेखागारातील पेशवे दफ्तरात, तर तंजावरशी संबंध असल्यास तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदांत शोध घेता येतो.

त्र्यंबकेश्वर, नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या विशेष मोलाच्या, कारण त्यांत यात्रेला आलेल्या पूर्वजांची नावे गावासह नोंदलेली असतात. दक्षिण महाराष्ट्रात वंशावळ सांगणारे हेळवी गावी येतात का, हेही विचारावे.

हल्ली अनेकजण थेट जनुकीय चाचणी करतात. वाय गुणसूत्र पित्याकडून पुत्राकडे जाते आणि आडनावही बहुधा तसेच चालते, पण दत्तकविधानात आडनाव पुढे गेले तरी रक्ताची ओळ बदलू शकते. म्हणून चाचणीचा निष्कर्ष वंशावळीशी जुळला नाही, तर ज्या पिढीपाशी कागद तुटक आहेत तिथे आधी दत्तकपत्र शोधावे.