कुत्र्यासोबत कॅम्पिंग? तंबू आधी हॉलमध्ये लावा

आधी कुठे जायचं नाही ते सांगते. आम्ही मुलुंडकर. डोंगर खिडकीतून दिसतो, त्यामुळे "येऊरलाच जाऊ की, कशाला लांब?" असं घरात कुणीतरी म्हणतंच. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे, तिथे कुत्रा न्यायचा नाही. कर्नाळा, तानसा, भीमाशंकर ही अभयारण्यं, म्हणजे तीही बाद. कुत्र्यांचा डिस्टेंपर जंगली जनावरांनाही होतो. २०१८मध्ये गीरच्या सिंहांत त्याच विषाणूची साथ आली होती. आणि बिबट्याच्या दृष्टीने आपलं लाडकं बाळ म्हणजे सोपी शिकार, हेही विसरायचं नाही.

मग राहिलं काय? कर्जत, मुरबाड, इगतपुरी, पवना. आमचा कल पवनेकडे. एक्स्प्रेसवेने लोणावळा गाठायचं, पुढे गावांमधून धरणाच्या काठावर. समोर तुंग नाहीतर तिकोना किल्ला, आणि शेतात लावलेले तंबू. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. एप्रिल-मे कुत्र्यासाठी नाहीच, आणि पावसाळ्यात चिखल, गोचीड, लेप्टो असं सगळं एकत्र मिळतं. शनिवार मात्र टाळा. शनिवारी रात्री काठावर एकाला एक लागून स्पीकर असतात, आणि आपल्याला जे नुसतं जोरात वाटतं ते कुत्र्यांच्या कानांना सोसत नाही. आमचा गुंड्या दिवाळीत बाथरूममध्ये बसणारा इंडी, म्हणजे आपला देशी कुत्रा आहे. त्याच्यासाठी मी बुधवारची रजा टाकते. ऑफिसात कारण "घरचं काम" असं सांगते, ते खोटंही नाही.

कॅम्पवाल्याला "पेट्स चालतात का" एवढंच विचारू नका. "हो मॅडम, आणा की" हे उत्तर सगळीकडे मिळतं. विचारायचं ते असं: तुमची स्वतःची कुत्री किती, ती रात्री मोकळी असतात का? कोंबड्या-शेळ्या जवळपास चरतात का? अगदी कडेचा तंबू मिळेल का? गावातल्या कुत्र्यांसाठी आपला कुत्रा म्हणजे हद्दीत घुसलेला परका. पोचल्यावर लगेच तंबूकडे न जाता, बांधावरून पट्ट्यावर अर्धा तास फिरवा. दोन्हीकडच्यांना लांबूनच वास घेऊ दे. निम्मं भांडण तिथेच मिटतं.

खरी तयारी मात्र मुंबईतच होते. कुत्र्याला डोंगर-तळ्याचं कौतुक नसतं. आपली झोपायची जागा कुठली आणि आपली माणसं कुठे, एवढंच त्याला हवं असतं. म्हणून तंबू आठवडाभर आधी हॉलमध्ये लावून टाका. आमच्याकडे सोफा भिंतीला सरकवला की जेमतेम मावतो. सासूबाई टीव्ही बघायला तंबूला वळसा घालून जातात आणि प्रत्येक वळशाला एक टोमणा मारतात. आत त्याची रोजची गोधडी घाला. न धुतलेली, मुद्दाम. पहिले दोन दिवस तंबूची चेन उघडी ठेवा, जेवण आत द्या, मग एक रात्र तुम्ही स्वतः आत झोपा. चेनचा आवाज, वर फडफडणारं कापड, नखं अडकतील अशी जमीन हे सगळं घरातच ओळखीचं झालं, की धरणाकाठी तो भुंकत रात्र काढत नाही. गच्चीवर लावायचा असेल तर सेक्रेटरींना आधी विचारा, नाहीतर नोटीस बोर्डावर तुमच्यासाठी खास सूचना लागेल.

डॉक्टरकडे निदान दोनतीन आठवडे आधी जा. आम्ही परळच्या बैलघोडा हॉस्पिटलचे जुने गिऱ्हाईक. रेबीज आणि लेप्टोची लस चालू आहे ना ते बघून घ्या आणि लसीकरणाचं पुस्तक गाडीत ठेवा. मानेवर टाकायचं गोचिडाचं औषध असेल तर ते निघायच्या सकाळी नाही, दोन दिवस आधी टाका, आणि त्या दोन दिवसांत आंघोळ नको.

निघायच्या दिवशी खाणं तीनचार तास आधी, तेही थोडं. खंडाळ्याच्या घाटात पोट ढवळतं ते माणसांचंच नाही. पाणी घरचं न्या: किलोमागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिली, म्हणजे १८ किलोच्या कुत्र्याला लिटरभर, आणि ऊन असेल तर दुप्पट धरा. फूड मॉलला थांबलात तर एकाने गाडीबाहेर त्याच्याबरोबर थांबायचं. काच थोडी उघडी ठेवून बंद गाडीत सोडायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही. माझ्या नणंदेचा पग आहे. नाक चपटं असलेल्यांना धापा टाकूनही अंग नीट थंड करता येत नाही. त्याला आम्ही थंडीतच नेतो, आणि दुपारी तो सावलीतून हलत नाही. लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, चाल लडखडली, तर अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि थेट डॉक्टर. बर्फ नको.

काठावर पाच मीटरची लांब दोरी वापरा. पवनेचा काठ दिसतो उथळ, पण आत गाळ आहे आणि जमीन एकदम खाली जाते. पोहणाऱ्या कुत्र्यालाही लाइफ जॅकेट घाला.

संध्याकाळी बार्बेक्यू पेटलं की सगळ्यांत जास्त डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. कांदा-लसणाचं मॅरिनेशन त्याला विषारी, शिजलेली हाडं आतडं फाडतात, आणि दाणे खाऊन फेकलेलं कणीस गिळलं तर आतड्यात अडकून ऑपरेशनवर जातं. "एक तुकडा देऊ का हो?" असं प्रेमाने विचारणारे काका प्रत्येक कॅम्पवर असतात. त्यांच्या हातात आपल्याच डब्यातला उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या; तेही खूश, तोही.

रात्री तो तंबूच्या आत, तुमच्याजवळ. बाहेर खुंटीला बांधायचा नाही. शू लागली तर टॉर्च आणि पट्टा घेऊन तुम्ही बरोबर जा. गवतात हात-पाय-नाक घालायच्या आधी उजेड टाका. घोणस, फुरसं, मण्यार सगळे ह्याच भागातले. साप चावलाच तर आवळून बांधणं, चिरा देणं, हळद लावणं यातलं काहीच करू नका. उचलून गाडीत घाला आणि सापाच्या विषावरचं इंजेक्शन (अँटिव्हेनम) कुठल्या डॉक्टरकडे आहे हे मुंबईहून निघतानाच फोन करून विचारून ठेवलेलं असू दे. तळेगाव-लोणावळ्याचे दोनतीन नंबर कागदावर लिहा. नेटवर्क धरणाकाठी कधी असतं, कधी नसतं.

घरी आल्यावर आधी बाल्कनीत उभा करा. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली, पट्ट्याखाली गोचीड शोधा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. पुढचे दोनतीन आठवडे खाणं सोडलं, अंग तापलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर डॉक्टरांना "पवनेला गेलो होतो" हे पहिल्या वाक्यात सांगा, म्हणजे ते गोचीडतापासाठी रक्त तपासतील.