परदेशी मदत आणि फाशी: वादविवाद स्पर्धेत हा विषय पडला तर तयारी कशी करायची

"फाशी देणाऱ्या देशाला परदेशी मदत द्यावी का?" हा विषय पडला की आपली पोरं काय करतात, तर फाशी चांगली का वाईट यावरच रात्रभर वाचत बसतात आणि स्टेजवर गेल्यावर मदतीबद्दल दोन वाक्यं पण बोलता येत नाहीत. कोल्हापूरच्या शाहू स्मारक सभागृहात श्रोत्यांत बसून हे बघताना खरंच वाईट वाटतं, कारण पोरं हुशार असतात, बोलायला पण दमदार असतात, फक्त भलत्याच प्रश्नाचं उत्तर देऊन खाली उतरतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

पहिलं काम, फाशी बरोबर का चूक हा वाद बाजूला ठेवायचा. कोल्हापुरात हे जड जातं हे मला माहितीय. गावित मायलेकींना १९९६ ला पकडलं, ते बालहत्याकांड इथं घराघरात माहिती आहे. २००१ ला आपल्याच सेशन कोर्टानं दोघी बहिणींना फाशी सुनावली, २००६ ला सुप्रीम कोर्टानं ती कायम केली, २०१४ ला राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला आणि शेवटी जानेवारी २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टानं ती जन्मठेपेवर आणली, कारण सरकारनं दयेच्या अर्जावर वर्षानुवर्षं घालवली होती. ही केस काढली की सभागृह पेटतं, टाळ्या पडतात, पण तुमचा विषय तिथंच सुटतो. काढायचीच असेल तर एकाच मुद्द्यासाठी काढा, की कायद्यात फाशी असणं वेगळं, कोर्टानं सुनावणं वेगळं आणि प्रत्यक्ष दोर आवळणं वेगळं.

हा मुद्दा लई कामाचा आहे बघा. श्रीलंकेत फाशी कायद्यात आहे पण १९७६ नंतर दिलीच नाही. आपल्याकडं २० मार्च २०२० ला तिहारला निर्भयाच्या चौघा गुन्हेगारांना दिली, त्याआधी २०१५ ला नागपुरात याकूब मेमन. आणि इराण एकेका वर्षात शेकडो माणसं लटकवतो, त्यात ड्रग्जच्या केसमधली कितीतरी. आता "फाशी देणारा देश" म्हणजे यातला नेमका कुठला? समोरच्या टीमला हे विचारायचंच, आणि तुमची बाजू कुठली का असेना, तुमच्याकडं याचं उत्तर पाहिजे. मी तरी कसोटी म्हणून नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार घेतो, त्यात फाशी असलीच तर फक्त अत्यंत गंभीर गुन्ह्यांसाठी असं स्पष्ट आहे, आणि भारतानं पण १९७९ ला त्यात सामील होऊन ते मान्य केलंय. म्हणजे परक्याची नाही, आपणच सही केलेली कसोटी.

दुसरं काम मदतीचे तुकडे पाडायचं. एक कोरा कागद घ्या, उभ्या रेघा मारा आणि रकाने करा: धान्य-औषध, रस्ते-पाणी-रेल्वेची कर्जं, सरकारच्या तिजोरीत थेट पैसा, पोलिस-कोर्ट-तुरुंगासाठीची मदत, आणि व्यापारातली सवलत. शेवटची खरं तर मदत नाही पण जज लोक ती मदतीतच धरतात म्हणून असू द्या. मग प्रत्येक रकान्याखाली एकच प्रश्न लिहा, हा पैसा बंद केला तर कोणाचं नुकसान आणि चालू ठेवला तर तो फाशीपर्यंत पोचतो का. हा कागद नीट झाला की अर्धी तयारी झाली, खरंच सांगतो. गव्हाच्या पोत्यातनं कोणी फासावर जात नाही. पोलिसांच्या ड्रग्ज पथकाला दिलेल्या पैशातनं मात्र जाऊ शकतो.

आता उदाहरणं. खूप नकोत, नीट समजलेली पाहिजेत.

सगळ्यात भारी उदाहरण इराणचं. युरोपातले देश संयुक्त राष्ट्रांच्या ड्रग्जविरोधी ऑफिसमार्फत इराणच्या ड्रग्जविरोधी कामाला पैसे देत होते, आणि त्या कारवायांत सापडलेल्या माणसांना इराण फाशी देत होता. म्हणजे ज्या डेन्मार्कमध्ये स्वतःकडं फाशी नाही त्याचाच पैसा फासाच्या अलीकडच्या पायरीवर खर्च होत होता. डेन्मार्कनं २०१३ ला तो थांबवला, आयर्लंडनं पण. पुढं २०१७ ला इराणनं कायदा बदलला, हेरॉइन-कोकेनला फाशीची मर्यादा ३० ग्रॅमवरनं २ किलोवर नेली, अफूची ५ किलोवरनं ५० किलोवर, आणि २०१८ ला ड्रग्जच्या फाश्या एकदम खाली आल्या. पण इथं थांबू नका, २०२१ पासनं त्या परत वाढल्या हे पण तुम्हीच सांगा. समोरच्यानं ते काढलं तर तुम्ही लपवलं असं दिसतं.

दुसऱ्या बाजूला युगांडा. २०१४ ला तिथं समलैंगिकांच्या विरोधात कडक कायदा झाला, त्यात जन्मठेप होती, तर वर्ल्ड बँकेनं ९ कोटी डॉलरचं कर्ज लांबवलं. कशासाठीचं कर्ज? आरोग्यसेवेचं! ज्यांनी कायदा केला त्यांना काय फरक पडला, दवाखान्यात येणाऱ्या बायकांना पडला असता. २०२३ ला परत कायदा आणला आणि या वेळी काही प्रकरणांत थेट फाशी घातली, बँकेनं नवीन कर्जं थांबवली, २०२५ ला परत सुरू केली, आणि कायदा अजून आहेच. तिथल्या नेत्यांनी उलट "बाहेरचे आम्हाला शिकवतात" म्हणून भाषणं ठोकली. मदत थांबवू नका या बाजूनं बोलणाऱ्यानं हे उदाहरण पहिल्या दोन मिनिटांत टाकावं.

व्यापाराच्या सवलतीत दोन शेजारी एकत्र ठेवा. पाकिस्तानला २०१४ च्या जानेवारीत युरोपची जीएसपी प्लस सवलत (मानवी हक्कांचे करार पाळायच्या अटीवर आयात करात सूट) मिळाली, डिसेंबरमध्ये पेशावरच्या शाळेवर हल्ला झाला, त्यानंतर त्यांनी थांबवलेल्या फाश्या सुरू केल्या, २०१५ मध्ये तीनशेच्या वर दिल्या, सवलत काही गेली नाही. आणि श्रीलंकेत २०१९ ला राष्ट्राध्यक्ष सिरिसेनांनी ड्रग्जच्या चौघांच्या फाशीवर सही केली तर युरोपनं लगेच याच सवलतीची आठवण करून दिली. तिथं सुप्रीम कोर्टानं स्थगिती दिली, फाशी झाली नाही, पण श्रेय युरोपला देऊन मोकळं होऊ नका, कोर्टाचं आहे ते. नियम एक आणि लावायची पद्धत देशागणिक वेगळी, हा आक्षेप इथं पक्का बसतो.

औषधांचं उदाहरण पोरांना आवडतं. अमेरिकेत विषारी इंजेक्शन देऊन मृत्युदंड देतात, त्यासाठी लागणारं थायोपेंटल हे औषध बाहेर पाठवण्यावर युरोपियन युनियननं २०११ ला बंधनं घातली. मुंबईतल्या एका कंपनीनं ते अमेरिकेत नेब्रास्काला विकलं होतं, बोभाटा झाल्यावर त्याच वर्षी फाशीसाठी विकणं बंद केलं. इथं कोणाची भाकरी काढली नाही, फक्त हत्यार दिलं नाही.

तिसरं काम, आणि हे बहुतेक जण विसरतात, भारत कुठं बसतो ते ठरवायचं. आपण घेणारे पण आहोत आणि देणारे पण. घेणाऱ्याची बाजू समजायची असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना १९७२ च्या दुष्काळातल्या मिलोबद्दल विचारा. रेशनला मिळणारी अमेरिकेची तांबडी ज्वारी, तिच्या भाकरी घशाखाली उतरत नव्हत्या आणि तरी खाव्या लागल्या, ते सांगताना अजून त्यांचा चेहरा बदलतो. त्याच्या आधी १९६५-६६ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन गव्हाची जहाजं थोडी थोडी सोडायचे, आपण व्हिएतनामवर काय बोलतो यावर पण त्यांचं लक्ष असायचं. पोखरणनंतर १९९८ ला जपाननं नवी कर्जं थांबवली, २००१ ला परत सुरू केली, आपण अणुबॉम्ब सोडला नाही. अटी घालून देश वाकत नाही याला हे घरचं उदाहरण आहे.

देणारे म्हणून बघा. भूतान आणि नेपाळला आपण भरपूर मदत करतो, तिथं फाशीच नाही, भूताननं २००४ ला काढून टाकली. उद्या त्यांनीच "फाशी देणाऱ्याची मदत आम्ही का घ्यावी?" असं विचारलं तर? आणि अफगाणिस्तान. तालिबाननं सत्तेत परत आल्यावरची पहिली जाहीर फाशी २०२२ च्या डिसेंबरमध्ये दिली, आणि त्याच वर्षी आपण तिथं गहू पाठवत होतो. तो गहू थांबवायला पाहिजे होता असं कोणी म्हणत असेल तर मी त्याच्याशी भांडायला तयार आहे. मैदानात माणूस मारणारे वेगळे आणि रांगेत पोतं घ्यायला उभी असलेली बाई वेगळी.

माझी बाजू त्यामुळं अशी: अन्न-औषधाला फाशीची अट कधीच नको, आणि पोलिस-तपास-तुरुंगाच्या मदतीला अट हवीच. मुंबई बॉम्बस्फोटातला आरोपी अबू सालेम पोर्तुगालमध्ये पकडला गेला होता, त्याची केस यासाठी पाठ करा. २००२ ला आपल्या सरकारनं पोर्तुगालला लेखी शब्द दिला की फाशी देणार नाही आणि २५ वर्षांच्या वर आत ठेवणार नाही, २००५ ला सालेम आपल्या ताब्यात मिळाला, आणि २०२२ ला सुप्रीम कोर्टानं तो शब्द पाळावा लागेल असं सांगितलं. पोर्तुगालनं भारताचं बाकी काही अडवलं नाही, एका माणसापुरती अट घातली आणि ती चालली. अट अशी नेमकी असली की देशाची मान पण खाली जात नाही.

प्रश्नोत्तरांच्या राउंडसाठी तीन वार येणारच. "भारतात पण ड्रग्जला फाशी आहे की": आहे, दुसऱ्यांदा सापडला तर, पण २०११ ला मुंबई हायकोर्टानं सक्तीची फाशी रद्द केली आणि २०१४ ला कायद्यात ती न्यायाधीशाच्या मर्जीवर आली, माझी कसोटी भारतालाही लागू, असं सरळ सांगा. "भारत संयुक्त राष्ट्रांत फाशी थांबवण्याच्या ठरावाविरुद्ध मत देतो": हो, २००७ च्या पहिल्या ठरावापासनं, म्हणून आपण इतरांना फाशी बंद करा म्हणायचा अधिकार मागतच नाही. आणि तिसरा, "इराणमध्ये फाश्या परत वाढल्याच ना, मग डेन्मार्कनं काय मिळवलं?" इथं गडबडायचं नाही. पैसा थांबवल्यानं फाशी थांबते असा आपला दावाच नाही, दावा एवढाच की आपल्या पैशानं पकडलेला माणूस फासावर जाऊ नये, आणि तेवढं त्यांनी केलं.