उच्चार शिकवताना श्वासाच्या या चुका टाळा

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू घरी बोलणारी मुले अनेकदा एकाच वर्गात असतात, त्यामुळे उच्चार सुधारण्याचे काम येथील भाषाशिक्षकांना सतत करावे लागते. त्यात सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे 'खाणे'चे 'काणे' झाले की मुलाला 'जोर लाव' असे सांगणे. तेलुगू आणि कन्नडच्या मूळ देशी शब्दांत महाप्राण वर्ण, म्हणजे 'ख', 'फ' यांसारखे हवेच्या झोतासह उच्चारले जाणारे वर्ण, जवळपास नाहीत, म्हणून त्या मुलाची अडचण खरी आहे. पण जोर लावल्याने 'क' मोठा होतो, त्याचा 'ख' होत नाही. 'ख' उच्चारताना जीभ टाळूपासून सुटते त्या क्षणी स्वरतंत्री (गळ्यातील कंप पावणाऱ्या पट्ट्या) उघड्या असतात, आधी नुसती हवा बाहेर पडते आणि स्वराचा घोष, म्हणजे या पट्ट्यांच्या कंपनाचा आवाज, किंचित उशिरा सुरू होतो. ओठांसमोर कागदाची पातळ पट्टी धरून 'पळ' आणि 'फळ' म्हणायला लावावे. दोन्ही ओठ मिटून म्हटलेल्या 'फ'ला पट्टी स्पष्ट हलते.

हीच कसोटी 'घ' आणि 'भ' यांना लावणे ही दुसरी चूक होय. तेथे स्वरतंत्री सैल राहून कंप पावत असतात आणि त्याच वेळी हवाही निसटत असते. ज्याला 'म्हैस' नीट म्हणता येते, त्याला तोच सैल घोष 'भ'मध्ये आणायला सांगावे.

दूरच्या भाषांत हवेचा उगमच बदलतो. सिंधीतील ॻ, ॼ, ॾ, ॿ (ग, ज, ड, ब यांच्याशी मिळतेजुळते ध्वनी) म्हणताना शिकणारे श्वास आत ओढतात, ते चुकीचे आहे. घोष चालू ठेवून स्वरयंत्र खाली सरकवावे लागते, आणि गळ्यावर बोट ठेवले तर ते जाणवते. जॉर्जियन आणि इथिओपियातील अम्हारिक या भाषांतील काही व्यंजनांत याउलट घडते: स्वरतंत्री घट्ट मिटतात, स्वरयंत्र वर चढते आणि वरची कोंडलेली हवा दाबली जाते. फुप्फुसातून ढकलल्यास तेथे केवळ महाप्राण ऐकू येतो, म्हणून आधी श्वास रोखून मग 'क' म्हणून पाहावा.

झुलू भाषेतील क्लिक ध्वनी श्वास ओढून निघतात, हा समज तर फारच पसरलेला आहे. हळहळताना आपण 'च् च्' करतो तो ध्वनी झुलूत चक्क व्यंजन आहे. जिभेचा मागचा भाग टाळूला टेकलेला असतो आणि त्यापुढे अडकलेली हवा विरळ होते. तो करताना नाकातून गुणगुणावे. गुणगुणणे तुटले, तर श्वास ओढला जात आहे असे समजून जिभेची मागची पकड आधी पक्की करावी.