मॅनिकिनची चावी कोणाकडे आहे?

लेबर रूमला नवीन पोस्टिंग झालेल्या सिस्टर लोकांसाठी लिहितेय, जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा त्याबद्दल. नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाचं दोन दिवसांचं ट्रेनिंग २००९ पासून चालू आहे, चांगलंच असतं, पण दहातली साधारण नऊ बाळं आपली आपण रडतात ना, त्यामुळे अंबू बॅग (हाताने दाबून बाळाला हवा द्यायची पिशवी) महिनोन् महिने हातात येत नाही आणि थिअरी तोंडपाठ असून बोटं विसरतात.

म्हणून ड्युटीवर आलात की चहाच्या आधी बॅग बघा. मास्क तळहातावर घट्ट धरून बॅग दाबायची, हाताला प्रेशर लागलं पाहिजे, जोरात दाबली की व्हॉल्व्हमधून फुस्स आवाज यायला हवा आणि सोडली की लगेच फुगली पाहिजे. धुवून परत जोडताना कोणीतरी हमखास काहीतरी उलटं बसवतं. मास्क शून्य आणि एक, दोन्ही नंबरचे ठेवा. वॉर्मर (बाळाला ऊब देणारा हीटर) आधीच लावा, डिसेंबरात पुण्यात पहाटे खोली गारठलेली असते, फॅन बंद.

बाळ रडलं नाही तर पुसा, ओला टॉवेल बाजूला टाका, खांद्याखाली घडी घालून मान किंचित मागे, घाण अडकली असेल तरच सक्शन (आधी तोंड, मग नाक), पाठ चोळा. तरी श्वास नाही, किंवा ठोके १०० च्या खाली, तर पहिल्या मिनिटाच्या आत बॅग सुरू झाली पाहिजे. पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवातीला साधी हवा पुरते, ऑक्सिजनचा सिलिंडर शोधत बसू नका. "दाबा-दोन-तीन" म्हणत मिनिटाला ४० ते ६०, डॉक्टरांना हाक मारायला दुसरीला पाठवा.

नजर छातीवर. मी नवीन असताना जीव खाऊन बॅग दाबत होते आणि छाती ढिम्म, हवा सगळी हनुवटीपाशी सुटत होती. इन-चार्ज ताई काही बोलल्या नाहीत, माझी तीन बोटं धरून बाळाच्या जबड्याच्या हाडाखाली नेली, अंगठा आणि पहिलं बोट मास्कवर तसंच, आणि पुढच्याच दाबाला छाती वर आली.

छाती नीट हलतेय असे ३० सेकंद झाल्यावर ठोके मोजा, ६ सेकंद ऐकून गुणिले दहा. ६० च्या खाली असतील तरच कॉम्प्रेशन, म्हणजे छाती दाबणं, तीन दाब एक श्वास. बॅगच नीट बसत नसेल तर कॉम्प्रेशनकडे पळू नका, आधी मास्क आणि मान सुधारा.

आता प्रॅक्टिस. आठवड्यातून दोनदा पाच-पाच मिनिटं, दोघींनी मिळून, एकीने करायचं, दुसरीने घड्याळ धरायचं. मॅनिकिन, म्हणजे सरावाचा बाहुला, बहुतेक कपाटात कुलूपबंद असतो, चावी कोणाकडे असते ते आजच विचारून घ्या.